देवाघरची वाटणी

मुलाचे उष्टावण करायचे आणि त्याच दिवशी त्याच्यापुढे पुस्तक, लेखणी, शस्त्र, वस्त्र, कारागिराचे एखादे हत्यार अशा वस्तू मांडून ठेवायच्या, ही आपल्याकडची जुनी चाल. मूल ज्या वस्तूला आधी हात लावील, तिच्यावर त्याचा पुढे चरितार्थ चालेल, असे शास्त्रकार सांगतात. या विधीला त्यांनी नावही मोठे भारदस्त दिले आहे: जीविकापरीक्षा! आई सांगे की, मी लेखणी उचलली होती. भाकीत अगदी खरे ठरले. पुढे बत्तीस वर्षे बँकेत मी लेखणीच चालवली. ती काव्यात न चालता खातेवहीत चालली, एवढाच काय तो फरक!

काळ बदलला, तरी ही परीक्षा घेण्याची हौस काही गेली नाही. २०१६ साली राज्याच्या शिक्षण मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली, तेव्हा घरोघरी तिचीच चर्चा होती. आता पैसे मोजून असल्या चाचण्या घेणारेही पुष्कळ निघाले आहेत. ताम्हनाऐवजी प्रश्नपत्रिका आली, पण आईबापांचे मागणे तेच आहे. देवाने आमच्या बाळाच्या पदरात काय घातले आहे, ते एकदा कळू द्या. म्हणजे आम्ही सुटलो! या मागण्याला हसावेसे मला वाटत नाही. आपण या जगात कशासाठी आलो, हे कोडे घेऊन साठी उलटलेली माणसेही मी पाहिली आहेत.

अडचण एवढीच की, देवाची देणगी पुष्कळदा ताम्हनात मावत नाही.

दादासाहेब फाळके यांचेच पाहा. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकली, बडोद्याच्या कलाभवनात आणखी काही विद्या मिळवल्या, छायाचित्रे काढली, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखान्याचा धंदा केला, आणि जादूचे प्रयोगही करून पाहिले. हा मनुष्य बालपणी ताम्हनापुढे बसला असता, तर त्याने त्यातल्या सगळ्याच वस्तू ओढल्या असत्या! चाळिशीपर्यंत पाहणाऱ्याला हा सारा धरसोडीचा कारभार वाटला असेल. मग त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि तोवर जमवलेली प्रत्येक विद्या आपापल्या जागी जाऊन बसली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये झळकला. चित्रकाराचा डोळा, छायाचित्रकाराचा हात, जादूगाराची युक्ती यांतले काहीच वाया गेले नव्हते. आणि घरी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडीत होत्या, चित्रपटाच्या मंडळींना रांधून वाढीत होत्या. त्यांच्या अंगी असे काही आहे, हे कोणत्या परीक्षेत उतरले असते?

बहिणाबाई चौधरींपुढे तर कोणी लेखणी धरलीच नाही. १८८० साली जळगावाजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहितावाचता येत नव्हते. लहानपणी लग्न, ऐन उमेदीत वैधव्य, आणि पुढे शेत, घर, लेकरे. जात्यावर बसावे, शेतात खपावे, आणि काम करता करता ओठांवर येईल ते गावे. श्वास घेणाऱ्याला श्वासाचे कौतुक नसते. बाईंनाही आपण काही विशेष करतो असे वाटत नसावे. कौतुक वाटले ते ऐकणाऱ्यांना. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि घरच्या एका नातलगाने त्यांतली काही गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ते धन ओळखले, आणि १९५२ साली गाणी छापून निघाली. जी गाणी कोणी टिपली नाहीत, ती जात्याच्या घरघरीबरोबरच विरून गेली.

हे वाचताना मला नेहमी आमची आत्या आठवते. आत्या फाळक्यांसारखी नव्हती आणि बहिणाबाईंसारखीही नव्हती, म्हणूनच आठवते. अकाली वैधव्य येऊन ती आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी राहायला आली होती. शिक्षण मराठी चौथी. आवाज घोगरा, विणकामाचा कंटाळा, आणि पोळ्या अशा जाड की, वडील ताटाकडे पाहून नुसते हसत. कोणाच्या मुलीचे गाणे किंवा भरतकाम चाळीत वाखाणले जाऊ लागले की आत्या म्हणे, “देवाने वाटणी केली, तेव्हा मी बाई नळावर पाणी भरीत होते!”

सगळे हसत. तीही हसे. पण त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी होते, हे लहान मुलालाही कळे.

अशा या आत्याला चाळीत कोणी आजारी पडले की हटकून बोलावणे येई. तिला औषधातले काही कळत नसे. ती उशाशी बसे, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवी, आणि गप्प राही. “लवकर बरे व्हा” म्हणायची नाही, की अमक्यालाही हेच झाले होते आणि तो कसा गेला, हेही सांगायची नाही. तापाने बडबडणारे मूल तिचा हात लागताच शांत होई. आमचे डॉक्टर रात्री बॅग आवरताना विचारीत, “आत्याबाई बसणार आहेत ना? मग मी निर्धास्त झोपतो.”

समोरच्या खोलीत एक निवृत्त मास्तर राहत असत. करड्या शिस्तीचे, मुलाशी बोलणे तुटलेले. शेवटच्या दुखण्यात त्यांना अंधाराची भीती वाटू लागली. जन्मभर पोरांना धाक दाखवलेला माणूस दिवा मालवू देईना. आत्या अकरा रात्री त्यांच्या उशाशी बसली. पाचव्या-सहाव्या रात्री त्यांनी मुलाचे नाव घेतले, आणि सकाळी आत्याने वडिलांकडून तार करवली. मुलगा आला. बापलेकांना तीन दिवस मिळाले.

पुढे तो मुलगा लुगडे घेऊन आमच्याकडे आला. आत्या संकोचून मागे सरली. “मी काय केले? नुसती बसले होते.”

तो गेल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या आईला बोलण्याची फारशी सवय नव्हती. ती म्हणाली, “वन्सं, तुम्ही नुसत्या बसता ना, तसे आम्हां कोणाला बसता येत नाही. मी दोन रात्री बसून पाहिले आहे. मला पळून जावेसे वाटले.” आणि जरा थांबून म्हणाली, “यापुढे तुम्ही रात्री जागलात की सकाळच्या पाण्याची पाळी माझी.”

आत्या काही बोलली नाही. पण त्या आठवड्यात दारामागच्या खुंटीवर एक कापडी पिशवी आली. तिच्यात स्वच्छ फडकी, थर्मामीटर, एक बॅटरी आणि आल्याच्या वड्या. रात्री-अपरात्री हाक आली की आत्या पिशवी उचलून निघे. पूर्वी ती बोलावल्यावर जात असे. आता ती आपल्या कामाला जात होती. नळावरचा तो विनोदही पुढे कधी तिच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही.

मला वाटते, देवाच्या देणगीची खोड अशी की, ज्याला ती मिळते त्याला ती सहज जमते, आणि सहज जमणाऱ्या गोष्टीला माणूस देणगी मानीत नाही. जे जमत नाही त्याचाच तो हेवा करतो. म्हणून ‘माझ्यात काय आहे?’ असे स्वतःलाच विचारण्यापेक्षा, लोक आपल्याला कशासाठी हाक मारतात ते आठवून पाहावे. कोणाला हिशेब सोडवण्यासाठी, कोणाला भांडण मिटवण्यासाठी, कोणाला रुसलेल्या म्हातारीला चार घास भरवण्यासाठी. ती हाक पगाराची असेलच असे नाही. बहिणाबाईंना शेत सुटले नाही आणि आत्याच्या जाड पोळ्याही सुटल्या नाहीत. पण आपल्या वाचून अडते ते नेमके कोठे, हे कळले की जगण्याला हेतू येतो.

मात्र हे कळायला दुसरा माणूस लागतो. बहिणाबाईंना सोपानदेव लागले, आत्याला आई लागली. आणि आई नुसती वाखाणून थांबली नाही. तिने पाण्याची पाळी घेतली. घरातल्या बाईच्या चांगुलपणाचा फुकट फायदा घेणे निराळे आणि तिच्या अंगचे देणे ओळखून तिला वाट करून देणे निराळे. या दोहोंतले अंतर दोन हंडे पाण्याएवढे असते.

दिवाळीत घरे भरतात. लाडवाला नाव ठेवणारे आणि चिवड्याची तारीफ करणारे पुष्कळ असतात. त्यांत एखादी काकू, एखादा अबोल भाचा, परीक्षेत दोनदा नापास झालेली एखादी पुतणी असतेच, आणि वाटणीच्या वेळी आपण नळावर होतो अशी तिची किंवा त्याची खात्री असते. त्यांच्यात तुम्हांला काय दिसते, ते फराळाचे ताट हाती देताना सांगून टाका. आणि सांगून झाल्यावर, त्यांच्या पाळीचे पाणी कोण भरणार, तेही ठरवा.