पत्ता एक, घरं दोन

फोर्क केलं की एका प्रोसेसच्या दोन होतात, पॅरेंट आणि चाइल्ड, इतपत डोक्यात शिरलं होतं. म्हणून शून्य असलेल्या एका व्हेरिएबलमध्ये चाइल्डमध्ये ५० भरले आणि पॅरेंटमध्ये छापून पाहिलं. शून्य! दोन्हीकडे त्याचा पत्ता छापला, तर तो शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा. एकाच पत्त्यावर इकडे शून्य, तिकडे ५०. मी स्क्रीनकडे बघतच राहिले.

मुक्ताईनगरात घरी बसून सी शिकताना विचारायचं कुणाला? पुण्यातल्या आतेभावाला फोन लावला. "अगं, तो पत्ता खरा नसतोच," दादा म्हणाला. प्रत्येक प्रोसेसला आपापले आभासी पत्ते असतात आणि खऱ्या रॅममध्ये ते कुठे पडतात, हे कर्नल पेज टेबलात ठरवतो. फोर्कनंतर पानं सामाईकच असतात, पण कुणी लिहायला गेलं की त्याला त्या पानाची वेगळी प्रत मिळते. म्हणजे मेमरी वाटून घ्यायची तर तसं मुद्दाम मागावं लागतं.

मग शमगेटने जागा मागितली, शमॅटने ती दोन वेगळ्या प्रोग्रामना जोडली. आता उलटीच गंमत! पत्ते वेगवेगळे, मजकूर एकच. आमच्या गावाला म्हातारी माणसं अजून एदलाबाद म्हणतात, पाटीवर मुक्ताईनगर आहे, पण उतरायचं स्टँड तेच, तसं काहीसं. म्हणूनच त्या जागेत पॉइंटर ठेवायचा नाही, सुरुवातीपासूनचं अंतर ठेवायचं.

एवढ्यावर सुटका झाली असती तर बरं होतं. दोन प्रोसेसनी एकच आकडा प्रत्येकी १ लाख वेळा वाढवायचा होता. २ लाख यायला हवेत. यायचे कमी, आणि दर वेळी निराळेच. एकाने वाढवण्याच्या त्या साध्या सूचनेत वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं अशी तीन कामं दडलेली असतात. मधेच दुसरा घुसला की एकाची भर वाया. उपाय डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकातच सांगितलेला: सेमाफोर, इथे एका वेळी एकालाच आत सोडणारा पहारेकरी. तोही सामाईक जागेतच ठेवायचा, आणि सेम-इनिटच्या दुसऱ्या जागी शून्य द्यायचं नाही. नाहीतर तो एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडपुरता राहतो.

सगळं संपलं असं वाटलं, तेव्हा आयपीसीएस कमांड चालवली. प्रोग्राम केव्हाच संपलेले, मेमरीचे तुकडे मात्र तसेच पडून! ते आयपीसीआरएमने काढायचे, नाहीतर मशीन बंद होईपर्यंत राहतात. आमच्याकडे लाइट गेली की आपोआप साफसफाई होते, तो भाग वेगळा.

मेमरी वाटून न घेताही काम होतं: सी-डॅकने १९९१ साली पुण्यात बांधलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक ट्रान्सप्युटरला, म्हणजे प्रोसेसरला, आपापली मेमरी होती, बोलणं निरोपांतूनच. आता मला तीच पद्धत शहाणपणाची वाटते. सामाईक मेमरी वेगवान असते, कारण कर्नलमधून प्रती काढाव्या लागत नाहीत. मोठ्या डेटाला ती हवीच. पण दोन-चार आकडे पोचवायला पाइप पुरतो: एका प्रोसेसने लिहायचं, दुसरीने वाचायचं. शिकायला बसणार असाल तर आधी पाइप, मग सेमाफोर, आणि त्यानंतरच शमगेटला हात लावा.