फोटो काढ म्हणणारी

वारंगा फाट्यावर खिचडी खाताना शेजारच्या पोराच्या मोबाइलवर ‘गुलाबी साडी’ वाजत होतं. संजू राठोडचं २०२४चं गाणं. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरचा संजू स्वतः लिहितो, स्वतःच गातो. गाण्यातल्या बाईचं मागणं एवढंच, की मी नटलेय, माझा फोटो काढ.

मला १९९८चा ‘गारवा’ आठवला. मिलिंद इंगळेंचा सूर, सौमित्रचे शब्द. तिथलं प्रेम पावसात, मनातल्या मनात भिजायचं. आताच्या प्रेमाला चारचौघांत दिसायचंय.

जुनी माणसं याला थिल्लरपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. आमच्याकडे पोरीचा फोटो निघायचा तो स्थळं बघताना. तालुक्याचा स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, खांद्यावर नीट चापून बसवलेला पदर. तो कुणाला दाखवायचा, हे घरचे ठरवायचे. ही बाई मात्र स्वतःच्या हौसेसाठी फोटो मागते. बदल छोटा नाही.

खटकतं ते वेगळंच. असल्या चकाचक व्हिडिओंत नवी साडी असते, पण ती घ्यायला लागणारा हळदीचा, सोयाबीनचा भाव कुठंच नसतो. तो भावही आमच्या आजच्या काळाचाच भाग की!