हिरवा दिवा

मंडळी, बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण ऐकलंत तर हसाल. मला माझ्याच कॉम्प्युटरमध्ये शिरता येत नव्हतं!

तर झालं असं. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचे हिशोब गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत. सकाळी चहा झाला की मी कॉम्प्युटर सुरू करते, पासवर्ड टाकते आणि एक्सेल उघडते. आकडे नेहमी कीबोर्डच्या उजवीकडच्या चौकोनातून टाकायचे, ही हिशोबामुळे लागलेली सवय. तिथल्या ५ वर एक बारीक उंचवटा असतो. मधलं बोट त्यावर टेकलं की बाकीचे आकडे न बघता सापडतात.

त्या सोमवारी पासवर्ड टाकला तर 'चुकीचा आहे' असं उत्तर आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग चष्मा पुसला, कीबोर्डकडे बघत वरच्या ओळीतून एकेक अक्षर, एकेक आकडा शोधून टाकला आणि उघडला की! म्हटलं, घाईत चुकलं असेल. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. सवयीने टाकला की चूक, शांतपणे शोधून टाकला की बरोबर.

आता पासवर्ड तो काय मोठा? माझ्या माहेरच्या गावाचं नाव आणि पुढे मी शाळेत रुजू झाले ते साल, १९७३. (बदललाय आता, म्हणून सांगते.) हे मी विसरेन? पण बोटं विसरत होती, असं मला वाटायला लागलं आणि पोटात गोळा आला.

त्याला कारण आमचा नाना. माझा थोरला भाऊ. त्याचं विसरणं सुरू झालं तेव्हा तो म्हणायचा, "कपाटाचं कुलूप बिघडलंय." आम्ही कुलूप बदललं. मग म्हणाला, "घड्याळ मागे पडतं." आम्ही घड्याळ दुरुस्तीला दिलं. खरं म्हणजे तो चुकीची किल्ली लावत होता आणि वेळा विसरत होता. पण वस्तूंना दोष देणं सगळ्यांनाच सोपं होतं. दोन वर्षं अशी गेली. मग डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. पुढचं लिहीत नाही, घरच्यांना ठाऊक आहे.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, माझी वेळ आली की मी कुलपाला दोष देणार नाही.

म्हणून कोणाला काही बोलले नाही. रात्री अंथरुणात पडून पावकी, निमकी, दिडकी म्हणून बघितली. जमली. माझ्या पहिल्या वर्गाची हजेरी आठवून बघितली, सतराव्या नावाला अडले. पन्नास वर्षांपूर्वीची हजेरी कोणाला आठवेल, असं त्या वेळी सुचलं नाही. उठून बसले, पाणी प्यायले.

गुरुवारी हात इतका घाबरला होता की धड एकही अक्षर पडेना. बिलं तर काढायची होती. शेवटी पुतणीला, म्हणजे नानाच्याच लेकीला, फोन केला. ती कॉम्प्युटरच्याच कामात आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चित्र दिसेल. पासवर्ड टाक, एंटर दाबू नकोस, तो डोळा दाबून धर आणि काय दिसतंय ते वाच."

मी वाचलं. गावाचं नाव होतं. १९७३ नव्हतंच!

"आत्या, आकड्यांच्या वरचा नम लॉकचा हिरवा दिवा लागलाय का?"

नव्हता लागला.

नम लॉक बंद असला की उजवीकडचे आकडे आकडे राहत नाहीत. १ म्हणजे एंड, ९ म्हणजे पेज अप, ७ म्हणजे होम आणि ३ म्हणजे पेज डाऊन. माझं अख्खं सालच असं वाया जात होतं. पडद्यावर नुसते काळे ठिपके दिसतात, ते किती आले हे मोजायचं असतं हे आम्हाला कुठलं सुचायला! आणि वरच्या ओळीतल्या आकड्यांना नम लॉकचं देणंघेणं नाही. म्हणून 'शांतपणे' टाकला की उघडायचा.

एकाच बटणाला दोन कामं कशाला, असं मी विचारलं. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याच्या कीबोर्डला ८३ बटणं होती. बाणांची वेगळी बटणं नव्हतीच, आकड्यांनीच ते काम करायचं. आकडे हवेत की बाण, हे नम लॉक ठरवायचा. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला, बाणांना स्वतंत्र जागा मिळाली, पण नम लॉक राहिला तो राहिलाच.

मग रोज सकाळी तो बंद का? तिने आधी एक सोपा उपाय करायला लावला. पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर असतानाच नम लॉक लावायचा आणि तिथूनच रीस्टार्ट करायचं. दिवा राहिला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं की शट डाऊन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, स्वतःचा काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. ते बंद केल्यापासून दिवा टिकला आहे. तुमच्याकडे एवढ्याने भागलं नाही तर बायॉसमध्येही नम लॉकची एक सेटिंग असते, पण तिथे जाणकाराला बरोबर घेऊनच जा.

सगळं झाल्यावर पुतणी म्हणाली, "आत्या, चार दिवस गप्प का बसलीस?"

मी म्हटलं, "नाना आठवला गं."

ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबांच्या वेळी आपण नुसतं कुलूपच बदलत बसलो. आणि तू कुलपाकडे बघितलंच नाहीस."

खरंय. दोन्ही वेळा चूक एकच झाली, कोणाला विचारलं नाही. नानाच्या वेळी डॉक्टरांना नाही आणि माझ्या वेळी घरच्यांना नाही. वय झालं की माणूस प्रत्येक चूक आधी स्वतःच्या नावावर मांडतो. शिवाय लाज वाटते, ती वेगळीच.

असो. हिरवा दिवा लागला म्हणून माझं डोकं शाबूत आहे असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पुढच्या वेळी साखरेच्या तपासणीला जाईन तेव्हा डॉक्टरांना विसरण्याबद्दलही विचारणार आहे. पुतणी बरोबर येते म्हणाली आहे.

तोवर सकाळी चहाचा कप ठेवते, आधी दिवा बघते आणि मग पासवर्ड टाकते. बिलं वेळेवर गेली हो.