पुढच्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं उत्तर

मंगळवारी अमळनेर स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीत गावाशी काहीच ओळखपाळख नसलेली माणसं पुष्कळ असतात. चोपडा रस्त्यावरच्या मंगळग्रह मंदिरात अभिषेकासाठी ती येतात. कुणी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने येतं, कुणी स्वतःच्या गाडीने, कुणी थेट परराज्यातून. दर्शन आटोपलं की भूक लागते आणि रस्त्यावर कुणाला विचारण्याआधी खिशातला फोन बाहेर येतो. गूगल मॅप पाच-सहा हॉटेलांची नावं पुढे ठेवतं, नावाखाली स्टार, स्टारखाली कुणीतरी लिहिलेल्या दोन ओळी. ओळ वाईट असेल तर बोट पुढच्या नावावर सरकतं. हॉटेलमालक त्या वेळी भट्टीपाशी उभा असतो. गिऱ्हाईक दारापर्यंत आलेलंच नसतं, त्यामुळे ते परत गेल्याचंही त्याला कळत नाही.

खानदेशातल्या छोट्या दुकानदारांची, लॉजवाल्यांची आणि दवाखान्यांची इंटरनेटवरची ओळख सांभाळणं हा माझा व्यवसाय. माझ्याकडे येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, ‘‘भाऊ, तेवढा एक रिव्ह्यू काढून द्या.’’ मी त्या रिव्ह्यूकडे लगेच बघत नाही. आधी विचारतो, गूगलवरची तुमच्या दुकानाची नोंद कुणाच्या ताब्यात आहे? इथे अनेकजण गप्प होतात.

तुम्ही काही केलं नाहीत तरी तुमच्या दुकानाची नोंद नकाशावर असू शकते. एखाद्या गिऱ्हाइकाने फोटो टाकताना ती तयार केलेली असते किंवा गूगलनेच इकडून तिकडून माहिती जमवून. अशा नोंदीवर लोक रिव्ह्यू लिहीत राहतात, मालकाला मात्र त्याची खबर नसते. काही ठिकाणी पुतण्याने किंवा बोर्ड रंगवणाऱ्या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून ती चालू केलेली असते. मुलगा पुण्याला नोकरीला जातो, पासवर्ड विसरतो, आणि दुकानाच्या नावाची किल्ली त्याच्याबरोबर जाते. ती परत मिळते. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये मालकी मागण्याची सोय आहे. आधीच्या ताबेदाराला उत्तर द्यायला मुदत मिळते आणि पुढे पडताळणी होते. पूर्वी पोस्टाने पिन यायचा. आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: दुकानाची पाटी, आजूबाजूचा रस्ता, शटर उघडताना किंवा गल्ल्यापाशी उभे असलेले तुम्ही. हे सगळं फुकट आहे. ‘गूगलकडून बोलतोय’ म्हणत नोंदणीचे पैसे मागणारा फोन आला तर तो सरळ बंद करावा. आणि नोंद मालकाच्याच जीमेलवर ठेवावी, कामाच्या माणसाला फक्त व्यवस्थापकाचे अधिकार द्यावेत. मी स्वतः गिऱ्हाइकांकडून तेवढेच अधिकार घेतो, त्याहून जास्त कधीच नाही.

बेवारस नोंदीचा धोका रिव्ह्यूपेक्षा मोठा आहे. नकाशावर कुणीही बदल सुचवू शकतो: वेळ, फोन नंबर, अगदी ‘कायमचं बंद’ हा शेरासुद्धा. 2018 साली ठाण्यात बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गूगल मॅपवरचे फोन नंबर भामट्यांनी बदलले होते. बँकेत फोन लावतोय असं समजून लोकांनी कार्डाची माहिती चोरांना सांगितली. बँकेच्या बाबतीत जे घडलं ते एखाद्या लॉजच्या बाबतीत घडायला काहीच अडचण नाही. यात्रेच्या दिवसांत लॉजच्या नावावर तिसऱ्याच माणसाने आगाऊ पैसे घेतले, तर रात्री सामानासह दारात उभं राहिलेलं कुटुंब मालकालाच चोर समजणार. असं झालं तर फसलेल्या माणसाला ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा आणि त्याच तासात नोंदीवरचा नंबर दुरुस्त करा.

नावाची किंमत अमळनेरला शिकवावी लागत नाही. 1945 साली याच गावात वनस्पती तुपापासून सुरुवात केलेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचे शेअर इथल्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षं जपले. पुढे हीच कंपनी विप्रो झाली. पण तो विश्वास ओळखीतून आला होता. पेढी कुणाची, माणूस कोण, शब्दाला जागतो का, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक असायचं. परगावच्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या उपाहारगृहांवर होता, मोठ्या साखळ्यांवर दिसला नाही. साखळीची चव लोकांना आधीच माहीत असते. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्याबद्दल अनोळखी माणसांनी लिहिलेलंच प्रमाण ठरतं. म्हणजे हा सगळा खटाटोप मॉलपेक्षा आपल्या शेवभाजीवाल्यासाठी जास्त गरजेचा आहे.

आता त्या वाईट रिव्ह्यूकडे येऊ. समजा कुणी लिहिलं, ‘भाजी भयंकर तिखट, अर्धा तास थांबावं लागलं, पैसे वाया.’ एक स्टार. मालक रात्री हिशेब करताना ते वाचतो आणि रागाच्या भरात टाइप करतो, ‘तुम्ही आमच्याकडे आलाच नाहीत, खोटं लिहू नका.’ हे उत्तर तो तक्रार करणाऱ्याला देतोय. पण तक्रार करणारा तर कधीच गावी पोचला. उत्तर वाचणार आहे पुढच्या मंगळवारी स्टेशनवर उतरणारा, आणि त्याला मालक भांडखोर आहे एवढंच कळणार.

त्याच जागी मी असं लिहायला सांगतो: ‘नमस्कार. मंगळवारी दुपारी एक ते तीन आमच्याकडे गर्दी असते, तुम्हाला थांबावं लागलं याबद्दल दिलगीर आहोत. आमची शेवभाजी खानदेशी काळ्या मसाल्याची, झणझणीत असते. कमी तिखट हवी असेल तर वेगळी करून देतो. आता मेनूकार्डावर तसं लिहिलं आहे.’ एवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाला काय काय कळलं बघा. गर्दी केव्हा असते ते कळलं. लहान मुलांना चालेल अशी भाजी मिळते हे कळलं. आणि ज्याला तिखटच खायचंय, त्याला तर हॉटेल सापडलं. पण त्यातलं शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. मेनूकार्डावर लिहिलं नसेल तर उत्तरात लिहू नका, कारण पुढचा माणूस येऊन कार्ड उघडणारच आहे.

काही गोष्टी उत्तरात कधीच येऊ नयेत. लॉजमालकाने कोण कोणाबरोबर उतरलं होतं ते लिहू नये. डॉक्टरांनी रुग्णाच्या आजाराचा उल्लेख करू नये, तो खोटं बोलत असला तरीही. गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर चारचौघांत टाकणं हा सूड झाला, त्याने भलं कुणाचंच होत नाही. गंभीर तक्रार असेल, अन्नात काही निघालं असेल, तर आधी स्वयंपाकघर तपासा, त्या दिवसाची खरेदीची बिलं आणि सीसीटीव्हीचं चित्रण बाजूला काढा आणि नंतर थोडक्यात उत्तर द्या. तक्रार खरी निघाली तर ती खरी होती असं लिहा. दुकानदाराला हे फार जड जातं, पण माझा अनुभव सांगतो की असं उत्तर वाचून लोक जास्त विश्वास ठेवतात.

खोटे रिव्ह्यू असतात का? असतात, भरपूर असतात. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालियर या संशोधकांनी 2014 मध्ये हॉटेलांच्या रिव्ह्यूंची दोन संकेतस्थळांवर तुलना केली. एकावर पैसे भरून राहिलेलाच माणूस लिहू शकत होता, दुसऱ्यावर कुणीही. शेजारी दुसरं हॉटेल असलेल्या हॉटेलांना कुणीही लिहू शकेल अशा ठिकाणी जास्त वाईट रिव्ह्यू दिसले. आपल्या बाजारपेठेत हे वाचून कुणाला नवल वाटणार नाही. पण शेजाऱ्यानेच केलं असं पुराव्याशिवाय जाहीर लिहिलंत, तर बदनामीचा आरोप तुमच्यावर उलटेल.

गूगलकडे तक्रार करताना कारण नेमकं निवडावं लागतं. प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेला नसलेला मजकूर, स्पर्धकाने किंवा कामावरून काढलेल्या नोकराने लिहिलेला मजकूर, शिवीगाळ, धमकी, खासगी माहिती, विषयाशी संबंध नसलेलं राजकारण, हे धोरणाविरुद्ध आहे आणि ते काढलं जातं. ‘भाजी वाईट होती’ हे मत आहे, ते राहतं. भाजी खरोखर कशी होती हा वाद गूगल सोडवत नाही. तक्रार फेटाळली तर अपील करता येतं, आणि तिथे तारीख, त्या दिवसाचं रजिस्टर, दुकान बंद असल्याचा पुरावा असं काही ठोस सांगितलं तर उपयोग होतो. रिव्ह्यू काढण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती खंडणी आहे. एक पैसाही देऊ नका, संदेश जपून ठेवा आणि पोलिसांत जा.

याहून घातक मला दुसरी गोष्ट वाटते, ती म्हणजे विकतचं कौतुक. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईव्ह स्टारची पॅकेजं विकणारे फिरत असतात. दुकानदाराला ते स्वस्तातली जाहिरात वाटतं. ते लिहिणारे कोण असतात? ‘घरबसल्या हॉटेलला रेटिंग द्या, पैसे कमवा’ अशा टेलिग्रामवरच्या आमिषाला भुललेली पोरंसुद्धा त्यांत असतात. आधी त्यांना शे-दोनशे रुपये मिळतात आणि मग ‘टास्क’च्या नावाखाली त्यांचीच बचत लुटली जाते. अशा माणसाच्या हातून आपल्या दुकानाचं नाव चढवून घेणं मला मान्य नाही, आणि असं काम मागणाऱ्याला मी परत पाठवतो. व्यवहार म्हणूनही ते खोटं ठरतं. कधी अमळनेरला न आलेली पन्नास माणसं एका आठवड्यात ‘नाइस प्लेस’ लिहून गेली की वाचणाऱ्याला संशय येतोच. गूगलला कळलं तर काही काळ नवे रिव्ह्यूच बंद होतात. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही त्यांच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते त्यावरून कळतं. बिल देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सारखंच सांगावं, ‘‘जेवण कसं वाटलं ते गूगलवर लिहा.’’ खूश दिसणाऱ्यांनाच नव्हे, सगळ्यांना. अहिराणीत लिहिलेली एक खरी ओळ विकतच्या पन्नास ओळींपेक्षा मोलाची असते.

रागावलेला मालक पोलीस ठाण्याची भाषा लवकर बोलतो. त्याला मी पालघरची आठवण करून देतो. नोव्हेंबर 2012 मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरावरून तिथल्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने तर तो मजकूर फक्त लाईक केला होता. देशभर संताप उसळला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्दच केलं. नावडती गोष्ट लिहिणं हा गुन्हा नाही. जाणूनबुजून खोटा, नाव बुडवणारा आरोप असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करावी लागते. दिवाणी भरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. दोन्हीसाठी पुरावा पहिल्याच दिवशी जपायला हवा: तारखेसह स्क्रीनशॉट, लिंक, लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलचं नाव. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, हे वकिलांना आधीच विचारून ठेवा. आणि नोटीस पाठवण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्या. तीन ओळींच्या तक्रारीला वकिलाची नोटीस गेली की ती नोटीसच गावभर फिरते.

राहिलं लक्ष ठेवण्याचं काम. त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. अमळनेरात मी बुधवार सकाळ ठरवून दिली आहे, कारण मंगळवारच्या गर्दीचे रिव्ह्यू रात्रीपर्यंत आलेले असतात. चहा होईपर्यंत गूगल, जस्टडायल आणि जेवण पोचवणारी अ‍ॅप बघून होतात. दुकानाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत शोधावं, कारण लोक ते हव्या त्या स्पेलिंगने लिहितात. गूगल अलर्टमध्येही दोन्ही नावं घालून ठेवावीत. शोधताना घरातल्या दुसऱ्याचा फोन वापरावा, म्हणजे परक्याला काय दिसतं ते दिसेल. फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा तीन दिवस महाराष्ट्रभरातली माणसं या गावात जेवली, राहिली, रिक्षाने फिरली. त्यांनी लिहिलेल्या ओळी अजूनही नकाशावर आहेत. त्यांना आज उत्तर दिलं तरी उशीर झालेला नाही.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा दिवाळी तोंडावर असेल. प्रोफाइलमध्ये सणाच्या दिवसांची वेगळी वेळ टाकायची सोय आहे. लक्ष्मीपूजनाला दुकान किती वाजता बंद होणार, पाडव्याला उघडं आहे का, भाऊबीजेला कारागीर गावी जाणार का, ते आजच भरून टाका. बंद दारापर्यंत येऊन परत गेलेला माणूस तिथेच उभा राहून एक स्टार देतो, आणि त्याचं म्हणणं खरं असतं.