पान सुटल्यावर

रात्री दहाला डाक आवृत्तीची पानं सोडायची, ती लांबच्या तालुक्यांसाठी. दीडच्या आत शहर आवृत्तीचं पहिलं पान. मग प्लेट निघते, मशीन धडधडू लागतं, पहाटे गठ्ठे टेम्पोत चढतात आणि त्यानंतर जगात काहीही घडलं तरी आमच्या लेखी ते उद्याचं असतं. पुण्याच्या एका दैनिकात रात्रपाळीचा प्रमुख म्हणून मी बरीच वर्षं काढली. या वेळापत्रकाचा मान राजकारणी, क्रिकेटपटू, एवढंच काय, भूकंपही बऱ्यापैकी राखत असत. २०१९ साली सगळ्यांनी मिळून तो मोडीत काढला. आता निवृत्तीत त्या वर्षाची आठवण झाली की हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

सुरुवात हवाई दलानं केली. २६ फेब्रुवारीला पहाटे साडेतीनच्या सुमारास मिराज विमानं पाकिस्तानातल्या बालाकोटला जाऊन आली. आमचं पहिलं पान त्या वेळी टेम्पोत बसून स्वारगेट ओलांडत होतं. सकाळी सदाशिव पेठेतून एका आजोबांचा फोन आला. ‘‘एवढा हल्ला झाला आणि तुमच्याकडे पाणीकपात?’’ मी समजावलं, हवाई दल आम्हाला आधी कळवत नाही हो. ‘‘मग तुम्ही विचारत नाही का?’’

एप्रिलात पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल पेटलं तेव्हा घड्याळ निदान अर्धं आमच्या बाजूचं होतं. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजत होते. मनोरा कोसळला अकराच्या पुढे. त्यामुळे शहरातल्या वाचकांना तो पडलेला दिसला, तालुक्याच्या वाचकांसाठी आणखी एक दिवस उभाच राहिला. लोकसभेचा निकाल दिवसाढवळ्या लागला, भाजपला ३०३ जागा. रात्रपाळीवाल्यानं त्यावर अधिक काय बोलावं!

खरी परीक्षा १४ जुलैच्या रात्री झाली. रविवार म्हणजे बातम्यांचा दुष्काळ. मंत्रालय बंद, न्यायालयं बंद, पुढारी लग्नात नाहीतर गावी. त्यात बुधवारी भारत क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना १८ धावांनी हरला होता, म्हणून क्रीडा विभागातले ज्येष्ठ सुट्टीवर गेलेले. इंग्लंड-न्यूझीलंड अंतिम सामन्याला दोन कॉलम, फेडरर-जोकोविचला दोन, आणि पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उडणाऱ्या चांद्रयान-२ साठी पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग, असा साधा बेत होता. मशीन विभागाकडून तीनपर्यंतची सवलत हातापाया पडून मिळवली होती.

फेडररकडे पाचव्या सेटमध्ये दोन मॅच पॉइंट आले तेव्हा आमच्या तरुण उपसंपादकानं ‘फेडररचं नववं विम्बल्डन’ असा मथळा लावूनही टाकला. फेडररनं ते दोन्ही पॉइंट घालवले. सेट १२-१२ पर्यंत गेला, टायब्रेक जोकोविचनं घेतला, सामना ४ तास ५७ मिनिटं चालला. तिकडे लॉर्ड्सवर दोन्ही संघांच्या २४१ धावा. सुपर ओव्हर झाली, त्यातही १५-१५. मध्यरात्री एजन्सीची कॉपी आली की इंग्लंड जिंकलं, कारण त्यांचे चौकार-षटकार २६ आणि न्यूझीलंडचे १७. मी तिघांना विचारलं, तिघांनी तीन नियम सांगितले. बुधवारी धोनीला धावबाद करणारा गप्टिल सुपर ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर स्वतः धावबाद झाला. पुण्याला त्या रात्री तेवढंच समाधान होतं, म्हणून तो फोटो आम्ही मुद्दाम मोठा लावला.

मग दोनला पाच मिनिटं असताना, उड्डाणाला ५६ मिनिटं उरलेली असताना, श्रीहरिकोट्याचं घड्याळ थांबलं. तांत्रिक बिघाड. वरचं अर्धं पान रिकामं आणि समोर मशीन विभागाचा प्रमुख उभा. इस्रोनं आठवड्यानं यान सोडलं ते दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी. त्यांच्या त्या सौजन्याचं मी मनापासून कौतुक केलं. ७ सप्टेंबरला त्या यानाचा ‘विक्रम’ लँडर चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असताना संपर्क तुटला तो पुन्हा रात्री दोनच्याच सुमारास. या वेळी मात्र ‘उतरले’, ‘लांबले’ आणि ‘हुकले’ अशी तीन पानं तयार होती. चौथी शक्यता घडली. उतरलंय की आपटलंय हे त्या घटकेला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा मथळा आम्ही लावून ठेवला नव्हता.

ऑगस्टमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं. सहा तारखेला कलम ३७० रद्द करण्याचा प्रस्ताव लोकसभेत मंजूर झाला. त्यावर सुषमा स्वराज यांनी संध्याकाळी केलेल्या आनंदाच्या ट्विटची चौकट आम्ही पहिल्या पानावर लावली होती. अकरानंतर त्या गेल्याची बातमी आली. चौकट तीच राहिली, तिच्यावरचं शीर्षक तेवढं बदललं. त्याच आठवड्यात कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूर बुडवलं, महामार्ग पाण्याखाली गेला, आणि ज्यांच्याविषयी पानंच्या पानं छापत होतो त्यांच्यापर्यंत आमचे गठ्ठे पोचत नव्हते.

नोव्हेंबर तुम्हाला माहीतच आहे. २२ तारखेला संध्याकाळी नेहरू सेंटरमधल्या बैठकीतून बाहेर पडताना शरद पवार यांनी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं सांगितलं. ऑक्टोबरात साताऱ्याच्या भर पावसातल्या सभेत ज्यांनी एका फोटोत आमचं पान भरून दिलं होतं, त्यांनी आता मथळाही हातात दिला. वेळही आदर्श, डाक आवृत्तीच्या आधीची. ठळक आठ कॉलमी मथळा दिला आणि मी किती महिन्यांनी घरी जाऊन गाढ झोपलो.

पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली. महाराष्ट्रभर लोक एका हातात आमचा पेपर आणि समोर टीव्ही घेऊन बसले होते. मला अजूनही वाटतं की तो मथळा चूक नव्हता. पाच सत्तेचाळीसपर्यंत तो शंभर टक्के खरा होता. बातमीनं त्याहून जास्त टिकायचं असतं असा करार वाचकाशी कधी झालेला नाही. सदाशिव पेठेतल्या आजोबांचा फोन आला. या खेपेला सूर दिलगिरीचा होता. ‘‘तुमचा दोष नाही. पण यापुढे पेपर दुपारी काढता येईल का?’’

पुढचे दिवस फारच सभ्य निघाले. सरकार ८० तासांत पडलं ते दुपारी आणि ठाकरे यांचा शपथविधी २८ तारखेला शिवाजी पार्कवर संध्याकाळी झाला. माझा मात्र कुणावरच विश्वास उरला नव्हता. त्या शपथविधीचं पानही मी मशीन सुरू होईपर्यंत सोडलं नाही.

२६ डिसेंबरचं सूर्यग्रहण तेवढं आम्ही वेळेसकट आदल्या दिवशी छापलं. सकाळी आठनंतर ते छापलेल्या वेळी सुरू झालं. दिल्लीत ढग असल्यामुळे पंतप्रधानांना ते दिसलं नाही, पण चष्मा हातात घेऊन आकाशाकडे पाहणारा त्यांचा फोटो सकाळीच आला. पान सुटायला अख्खा दिवस बाकी होता.