घरच्या यंत्राची लुडबुड

बिल्ड कुठेही न अडता तडीस गेला, की राजूरच्या त्या कारागिराला संशय येतो. तो लॉग उघडतो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसतो. पुण्यातली एम्बेडेडची नोकरी सोडून तो अकोले तालुक्यातल्या या आपल्या गावी परतला. तेव्हापासून आश्रमशाळा, वसतिगृहं, पतसंस्था यांच्याकडचे टाकाऊ ठरलेले राउटर तो ओपनडब्ल्यूआरटी घालून पुन्हा कामाला लावतो. राउटरमध्ये मिप्स प्रोसेसर, टेबलावर इंटेलचा लॅपटॉप. कोड इथे कंपाइल होतो, चालतो तिकडे. टूलचेन कशी उभी करायची, कर्नल कसा छाटायचा, हे या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि तोही ते सांगत बसत नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून आहे: ज्या यंत्रावर बिल्ड होतो, ते घरचं यंत्र गप्प बसत नाही.

कॉन्फिगर स्क्रिप्टला चौकशीची खोड असते. मॅलॉककडे शून्य बाइट मागितले तर काय मिळतं, हे पाहायला ती एक चिमुकला प्रोग्राम लिहिते, कंपाइल करते आणि चालवू पाहते. पण प्रोग्राम मिप्सचा, तो इंटेलवर चालणार कसा? मग स्क्रिप्ट वाईटात वाईट उत्तर धरून चालते, मॅलॉकच्या जागी आरपीएल-मॅलॉक असं नाव ठेवते आणि पुढे लिंकरला ते नाव कुठेच सापडत नाही. क्रॉस-कंपाइल करणाऱ्या प्रत्येकाने हा एरर कधी ना कधी पाहिलेला असतो. कारागिराच्या लेखी ही प्रामाणिक चूक आहे. ती समोर येऊन उभी राहते, बिल्ड थांबवते.

त्याला भीती वाटते ती न थांबणाऱ्या चुकीची. पीकेजी-कॉन्फिगने टार्गेटच्या ऐवजी घरच्या लायब्ररीचा पत्ता दिला, किंवा एखाद्या मेकफाइलमध्ये कोणीतरी यूएसआर-इन्क्लूड हा मार्ग हाताने लिहून ठेवला, की इंटेलची हेडर फाइल मिप्सच्या कंपायलरच्या पानात पडते. आणि कंपायलर ती निमूट खातो. सॉकेटचंच बघा. लिनक्समध्ये इंटेलवर आणि आर्मवर सॉक-स्ट्रीम म्हणजे १ आणि सॉक-डीग्राम म्हणजे २. मिप्सवर हे दोन आकडे नेमके उलटे आहेत. घरची हेडर शिरली, तर प्रोग्राम मागतो टीसीपी आणि राउटरचा कर्नल हातात ठेवतो डेटाग्राम. एकही वॉर्निंग येत नाही. इमेज तयार होते, राउटर बूट होतो, दिवे लुकलुकतात आणि जोडणी काही केल्या होत नाही. माणूस अँटेना तपासतो, केबल बदलतो, पावसाला दोष देतो. भंडारदऱ्याच्या या पट्ट्यात पावसाला दोष देणं फारच सोपं आहे.

घरच्या यंत्राला न विचारता उत्तर काढायची एक युक्ती त्याला मनापासून आवडते. ती कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या ऑटोकॉन्फची. टार्गेट बिग-एन्डियन की लिटल-एन्डियन, म्हणजे संख्येचा मोठा बाइट आधी की लहान, हे प्रोग्राम न चालवता कसं ओळखायचं? ऑटोकॉन्फ काही सोळा-बिटी आकडे असे निवडतं, की ते एका क्रमाने मांडले तर बाइटांमधून ‘बिग-एन्डियन-सिस’ अशी अक्षरं उमटावीत. दुसरे आकडे ‘लिटल-एन्डियन’ असं उमटवणारे. मग प्रोग्राम नुसता कंपाइल करायचा आणि ऑब्जेक्ट फाइलमध्ये ग्रेपने शोधायचं, कोणता शब्द नीट वाचता येतो. प्रोग्राम एकदाही न चालवता यंत्राचा स्वभाव कळतो. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याच्याबद्दल हा माणूस एखाद्या गवयाने घराण्याच्या बुजुर्गाबद्दल बोलावं तसा बोलतो.

एन्डियनचं हे दुखणं युनिक्सइतकंच जुनं. पीडीपी-११ वरची ही प्रणाली दुसऱ्या यंत्रांवर नेताना बाइटांच्या जोड्या उलटल्या आणि ‘युनिक्स’च्या जागी ‘नक्सी’ उमटलं, हा किस्सा या धंद्यात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात, दोन्हीकडे युनिक्स इंटरडेटाच्या यंत्रांवर नेण्यात आली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या नेटबीएसडीने तर अनेक यंत्रांवर चालणं हेच आपलं ब्रीद केलं. २००२ च्या १.६ आवृत्तीपर्यंत तिथे बिल्ड-एसएच ही एकच स्क्रिप्ट आली, जी आधी स्वतःची टूलचेन बांधते आणि मग त्याच टूलचेनने बाकी सगळं. घरच्या यंत्रावर कमीत कमी विश्वास, हे तत्त्व तिच्यात मुरलेलं आहे. आपल्याकडे पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तोही ट्रान्सप्युटरांचा. पुढे होस्ट यंत्र आणि मागे गणन करणारी यंत्रं, अशी त्याची मांडणी. तेव्हा एका यंत्रावर बांधून दुसऱ्यावर चालवण्याचं हे काम महाराष्ट्राला परकं नाही.

आजच्या चालीबद्दल त्याची मतं कडक आहेत. क्यूईएमयूमध्ये परक्या प्रोसेसरचं सोंग उभं करून त्याच्या आत ‘घरगुती’ बिल्ड करणारे बरेच झाले आहेत. काम होतं, पण फार सावकाश होतं आणि पॅकेजमधली खोट तशीच झाकून राहते, अशी त्याची तक्रार. नव्या भाषांवर तो याहून नाराज आहे. गोमध्ये दोन व्हेरिएबल बदलली की दुसऱ्या प्रोसेसरचा प्रोग्राम तयार होतो, हे त्याला मान्य आहे. पण तो प्रोग्राम कित्येक एमबीचा, आणि त्याच्याकडे येणाऱ्या टीएल-डब्ल्यूआर-८४१-एन राउटरच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये फ्लॅश असते अवघी ४ एमबी, रॅम ३२. रस्टने २०२३ मध्ये मिप्सला तिसऱ्या पायरीवर ढकललं, म्हणजे तयार बायनरी मिळायच्या बंद झाल्या. खुद्द ओपनडब्ल्यूआरटीनेही १९.०७ नंतर या ४-३२ च्या राउटरांसाठी अधिकृत इमेज देणं थांबवलं. ज्याचं वायफाय अजून धडधाकट आहे असं यंत्र नुसत्या सॉफ्टवेअरपायी भंगारात जावं, याचा त्याला राग येतो. तो राग रास्त आहे.

मग त्याच्याकडे शिकायला एक मुलगी आली. संगमनेरला डिप्लोमा करणारी, सुट्टीत राजूरला घरी असलेली. तिला लॉग वाचायचा कंटाळा. तिने एक साधा प्रश्न विचारला, “सर, हाच बिल्ड रास्पबेरी पायवर पण करून बघितला तर?” पाय म्हणजे आर्म. मिप्सची इमेज इंटेलवर बांधा की आर्मवर, शेवटचा बाइटही सारखाच यायला हवा. फरक पडला तर घरचं कोणीतरी आत बोललं. दोन्ही इमेजचे शा-२५६ ताडून पाहायचे, जुळले नाहीत तर फरक नेमका कुठे ते दाखवणारं डिफोस्कोप लावायचं. पुनरुत्पादनक्षम बिल्डची चळवळ बरीच वर्षं हेच करते आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीही तिच्यात आहे. पायवरचा बिल्ड रात्रभर चालला. सकाळी तिने दोन पॅकेजांकडे बोट दाखवलं. एकात यूनेमचं, म्हणजे घरच्या यंत्राच्या ओळखीचं, उत्तर कोरलेलं होतं, दुसऱ्यात बिल्डच्या फोल्डरचा मार्ग.

त्याला आनंद झाला आणि लागलंही. लॉग नुसत्या नजरेखालून घालून खोट हेरणं, ही आपली विद्या आहे आणि ती दुसऱ्याला इतक्या सहज साधू नये, असं त्याला आतून वाटत होतं. हे तो स्वतःच सांगतो. चार लोकांत कोणी म्हणावं की याच्या हातची इमेज बघायलाच नको, ही हौस त्याला अजूनही आहे.

पण त्याच हौसेपायी तो तिच्या पद्धतीची बाजू उलटी करून बघत राहिला आणि सॉकेटपाशी येऊन थांबला. इंटेल आणि आर्म, दोघांकडे सॉक-स्ट्रीमचा आकडा एकच. दोन्ही यंत्रांनी हेडर घुसवली तर दोन्ही इमेज एकसारख्या चुकतील, शा-२५६ तंतोतंत जुळेल. दोन साक्षीदार, दोघांची साक्ष तीच आणि तीच खोटी. मुलीने त्यावर तोड काढली. बिल्डच्या कंटेनरमधल्या घरच्या सॉकेट हेडरमध्ये तिने एक अट घातली: कंपायलरने स्वतःला मिप्स म्हणवलं तर एरर देऊन थांब. होस्टची टूल्स इंटेलच्या कंपायलरने बनतात, त्यांना ती अट लागतच नाही. परका कंपायलर चुकून त्या दारात आला की जागच्या जागी अडतो.

आता त्याला पवईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने घडवलेल्या ‘अजित’साठी लिनक्स बांधून बघायचं आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा प्रोसेसर स्पार्क व्ही-८ चा आहे, चंदीगडजवळ मोहालीतल्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत बनलेला, बिग-एन्डियन. स्पार्कवर सॉक-स्ट्रीम इंटेलसारखाच १ आहे, त्यामुळे सॉकेटची घरची हेडर शिरली तरी हा आकडा बिघडणार नाही. ओ-नॉनब्लॉक मात्र वेगळा: इंटेलवर सोळा-आधारी ८००, स्पार्कवर ४०००. म्हणून या खेपेला अट एफसीएनटीएलच्या हेडरमध्ये घालायची, असं त्या दोघांचं ठरलं आहे.