बाई, आता इकडे मुक्कामाला या

श्रीमती ऐतिहासिक कादंबरी यांसी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ पडद्यावर आला आणि शिवाजी सावंतांची 1979 सालची कादंबरी कपाटांतून पुन्हा खाली उतरली. तुमची प्रकृती ठणठणीत आहे हे पाहून फार बरं वाटलं. 1871 साली गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’तून तुम्ही मराठीत आलात. दीडशे वर्षं उलटली, तरी माणसं अजून तुमच्यापायी रात्री जागवतात.

तुमचे उपकार मोठे आहेत. आई दुपारची कामं उरकून ‘स्वामी’ मोठ्यानं वाचायची. माधवरावांच्या अखेरीचं थेऊरचं प्रकरण आलं की आजी पोथी ऐकायला बसल्यासारखी हात जोडून बसे, आणि शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावून उठून जात. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांआधी त्याच हजर! माधवराव पेशवे 1772 साली क्षयानं गेले, पण आमच्या घरात त्यांचं सुतक दर उन्हाळ्याच्या सुटीत पाळलं जाई. हे फक्त तुम्हालाच जमतं.

म्हणूनच तक्रारही तुमच्याकडेच करते. तुम्ही आमच्या भागात मुक्कामाला राहत नाही. रायगड आणि शनिवारवाडा ही तुमची हक्काची माहेरं. हरिभाऊ आपट्यांबरोबर तुम्ही ‘चंद्रगुप्ता’साठी पाटलीपुत्राला गेलात, ‘वज्राघाता’साठी विजयनगरला गेलात. पैठणला मात्र क्वचितच उतरलात. आमच्याकडे येता त्या बहुधा औरंगजेबाच्या छावणीबरोबर, आणि छावणी हलली की तुम्हीही निघता.

जरा थांबा हं, नळाला पाणी आलं. कित्येक दिवसांनी येतं, भरून ठेवायलाच हवं.

तर पाण्यावरूनच सांगते. हबशाणातून गुलाम म्हणून हातोहात विकला जात दख्खनेत आलेला एक पोरगा निजामशाहीचा पेशवा होतो, 1610 साली खडकी वसवतो आणि जमिनीखालच्या नहरीतून गावात पाणी खेळवतो. तेच आमचं आजचं छत्रपती संभाजीनगर. 1624 साली भातवडीला हाच मलिक अंबर मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारतो. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. खुलताबादला येणारा प्रत्येक जण औरंगजेबाची कबर विचारतो. अंबरची कबरही त्याच गावात आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. ‘राऊ’मधून बाजीरावाला जेवढे वाचक मिळवून दिलेत, तेवढे अंबरला अजून द्यायचे राहिलेत.

आणि देवगिरी! 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी दारात येऊन ठाकला तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा रामचंद्रदेवानं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. फरिश्ता लिहितो, की घाईघाईनं वर नेलेल्या गोण्यांत धान्य असेल असं वाटलं होतं, उघडल्या तर मीठ निघालं. इतिहासकार एवढं सांगतो आणि पुढे जातो, त्याला जायलाच हवं. पण ज्यानं पहिली गोणी उसवली तो कोठीवरचा माणूस? त्यानं ते मीठ जिभेला लावून पाहिलं असेल का? आधी कुणाला सांगितलं असेल? राजाकडे जाताना त्याला किती पायऱ्या चढाव्या लागल्या असतील? दौलताबादला गेले की माझ्या मनात दुसरं काही येत नाही. बाई, हे काम तुमचं आहे.

मात्र येताना भाषा बदलून या. तुमच्या पानांतला राजा, हुजऱ्या, कुणबीण, सगळे एकाच भरजरी सुरात बोलतात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’त माणसांची साधी बोलणी, रुसवे, खाणंपिणं टिपून ठेवलं आहे. ते आधी कानात साठवा, मग देवगिरीच्या पेठेत पाऊल टाका.

पैठणच्या सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्रीलाही विसरू नका. नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी तिनं नाशिकच्या लेण्यात लेख कोरवून घेतला. आपल्या दिवंगत मुलाचे पराक्रम त्यात सांगितले आणि स्वतःला महाराजमाता, महाराजपितामही म्हणवून घेतलं. शकांना हरवणारा गौतमीपुत्र शाळेत भेटतो. मुलाच्या मागे राहून दगडावर त्याचं नाव कोरवणारी ही आई घरात कशी वावरत असेल, कुणावर रागावत असेल, हे वाचायची माझी फार इच्छा आहे.

एक विनंती हात जोडून. शेवटच्या पानांवर काय सापडलं आणि काय रचलं, ते वेगळं लिहीत जा. तुमच्या रचण्याला माझी मुळीच ना नाही, त्याच्यावरच आम्ही वाढलो. पण आमच्याकडे भांडणात तुमची वाक्यं पुरावा म्हणून काढली जातात, आणि त्यातून माणसं एकमेकांना दुखावतात.

तुमच्या नव्या लेखक-लेखिकांना इकडे पाठवा. पैठण, वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, सगळं दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. शनिवारवाडा थोडे दिवस तुमच्याविना राहील.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली जुनी वाचक,
छत्रपती संभाजीनगर